बाजूला व्हा, मास्तर

हुरड्याचे दिवस आले, की माझी मान जरा जास्तच ताठ होते. बायको म्हणते, थंडीनं आखडते. म्हणू दे. पौषातल्या सकाळी तिसगावच्या रस्त्यानं सायकल घेऊन निघालं, की दोन्ही बाजूंनी गुळभेंडीच्या ज्वारीचा ओलसर, गोड वास येतो. कुठंतरी आगटी पेटलेली असते, भाजल्या कणसांचा धूर रस्त्यावर आडवा आलेला असतो. मग माझे गुडघे, माझं सत्तरी ओलांडलेलं वय, डॉक्टरनं सांगितलेल्या चार गोष्टी, काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. लक्षात राहतो एकच हिवाळा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा, बांगलादेशच्या लढाईच्याही आधीचा.

आमच्या चर्चचे पाळक उपासनेत सांगायचे, गर्व हे सगळ्या पापांचं मूळ आहे. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवायचो. पण त्या हिवाळ्याचा गर्व मी देवापुढंसुद्धा खाली ठेवलेला नाही. तो ठेवायला सांगितलाच, तर काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलंय.

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि शाळेत ड्रिल मास्तर होतो. पंचक्रोशीत मला दानियल मास्तर म्हणत. माझा जन्म प्रवरेकाठचा, संगमनेरकडचा, त्यामुळं पोहणं अंगातच होतं. नोकरी लागली ती या कोरड्या पाथर्डी तालुक्यात. इथं लोक पाण्याकडं पिण्यापुरतंच बघायचे, त्यात उडी मारावी असं कुणाच्या मनात येत नसे. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दौड के चल’ हे माझे तीन मंत्र. माझा आवाज ऐकून ओढ्यापलीकडं शेळ्या राखणारी पोरंसुद्धा सावधान उभी राहत. खोटं वाटत असेल तर गावात विचारा, अजून दोन-चार साक्षीदार शिल्लक आहेत.

गावचे एक सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आले होते. यात्रेला नुसत्या कुस्त्या बघून त्यांना कंटाळा आला. त्यांनी मिशीवर हात फिरवून एक शर्यत काढली. आधी गावचं तळं पोहून पलीकडं जायचं. तिथं सायकली उभ्या असत, त्या घेऊन तिसगावच्या वेशीला वळसा घालून परत यायचं. आणि शेवटी टेकडीच्या पायथ्याला सायकल टाकून पळत वर भैरोबाच्या देवळात जाऊन घंटा वाजवायची. पहिला येईल त्याचं नाव देवळाशेजारच्या मोठ्या खडकावर तांबड्या रंगानं लिहायचं. मी ख्रिस्ती माणूस, देवळातली घंटा कशी वाजवणार, असं कुणीतरी हळूच विचारलं होतं. सुभेदार गरजले, “घंटा पहिला येनाऱ्यानं वाजवायची. त्याचा देव कोन, ते त्याचं त्यानं बघावं.”

त्या खडकावर माझं नाव असावं, असं मला फार वाटायचं. फार म्हणजे किती? आधीच्या दोन्ही वर्षी मी दुसरा आलो होतो, आणि दोन्ही वेळा रूथनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरी आल्यावर काही न बोलता फक्त गरम पाणी काढून दिलं होतं. ती बोलली असती तर परवडलं असतं. अडतिशी म्हणजे पळणाऱ्याची संध्याकाळ. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्याच हिवाळ्यात भीमा माझ्या दारात येऊन उभा राहिला.

भीमा माझाच जुना विद्यार्थी. शाळा सुटल्यापासून वस्त्यांवरचं दूध गोळा करून सायकलवरून तिसगावला घालायचा. सायकलीच्या मागं दोन्ही अंगांना कॅन अडकवायच्या लोखंडी कड्या होत्या. त्या कड्या खुळखुळत आल्या, की गावातल्या बाया पातेली घेऊन बाहेर यायच्या. त्याला सैन्यात जायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं त्याला. भरतीला गेला तेव्हा धावण्यात पास झाला, आणि छातीच्या मापात अर्धा इंच कमी पडला म्हणून परत आला. येत्या उन्हाळ्यात वयाची मुदत संपणार होती.

“सुभेदार म्हनले,” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून बोलला, “शर्यतीत पयला ये. मी सोता तुला नगरच्या छावनीत साहेबापुढं उभा करतो. खेळाडू असंल तर अर्धा इंच सांभाळून घेत्यात. पन मास्तर, मला पोहता येत न्हाई.”

आता बघा माझी अवस्था. ज्या शर्यतीत मला पहिलं यायचंय, तीच जिंकायला हा माझ्याकडंच शिकायला आलेला. एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, बाबा रे, यंदा मला सोड. पण कुणी ‘मास्तर, शिकवा’ म्हटलं, की माझी छाती आपोआप फुगते. तिला कुठल्याच मापाची अडचण नव्हती. मी म्हटलं, “उद्या सकाळी विहिरीवर ये.”

थंडीतली विहीर कधी अनुभवलीय? पाण्यावर वाफ असते, आणि वरून बघताना वाटतं ऊन-ऊन असेल. आत पडलं की बोंब फुटते. भीमाच्या कमरेला मी सुका दुध्या भोपळा बांधला आणि दिला ढकलून. तो असा काही ओरडला, की मोटेवरचा माणूस बैल सोडून धावत आला. आठ दिवसांत भोपळा सुटला, पंधरा दिवसांत तो विहिरीला पाच-पाच फेऱ्या मारायला लागला. मी काठावर उभा राहून ‘हात लांब टाक, हात लांब टाक’ म्हणून खेकसायचो. तो वर आला, की मी उडी मारायचो आणि त्याच्या डोळ्यांदेखत दहा फेऱ्या मारून दाखवायचो. काय गरज होती? काही नाही. हौस.

पोहून झालं की सायकली. मी पुढं, तो मागं. तिसगावची वेस येईपर्यंत त्या कड्यांची खुळखुळ माझ्या पाठीशी असायची, ना जवळ ना लांब. मग टेकडी. तिथंही मी पुढं, तो मागं. वर पोचलो की मी कमरेवर हात ठेवून म्हणायचो, “अजून कमी पडतोस, भीमा. दम वाढव.” तो नुसता “व्हय मास्तर” म्हणायचा. मी घरी येऊन रूथला सांगायचो, “वीस-बावीस वर्षांचं पोरगं मला गाठू शकत नाही. अडतीस वय झालंय माझं!” आणि भाकरीचा आणखी एक चतकोर मागून घ्यायचो.

एक दिवस शेजारच्या मळ्यात हुरड्याला बोलावलं होतं. आगटीभोवती आम्ही चौघं-पाचजण बसलो होतो. मळेकरी कणसं चोळून हिरवागार, वाफाळता हुरडा हातावर टाकत होता, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मी रंगात आलो होतो. भीमाला अजून माझा वेग झेपत नाही, हे सगळ्यांना समजावून सांगत होतो. रूथनं तळहातावरचा हुरडा फुंकला, तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाली, “अहो, काल मी बैलगाडीतून तिसगावच्या बाजाराला गेले होते. भीमा दूध घेऊन आमच्या शेजारून गेला. दोन्ही कॅन भरलेले. असा गेला, की आमचा बैल बुजला. तो तुमच्या मागं राहतो, कारण तुम्ही त्याचे मास्तर आहात. एवढं कळत नाही तुम्हाला?”

सगळे हसले. मी हसलो नाही. हातातला हुरडा तसाच थंड झाला.

नवीन मंडळींना हे सांगावं लागेल. आमच्याकडं त्या काळी सायकलवर बसून थोरामोठ्यापुढून जायचं नाही, अशी रीत होती. समोरून किंवा पुढं मास्तर, चुलता, गावचा म्हातारा दिसला, की पोरगं खाली उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं. मास्तर “जा” म्हणाले की मग पुन्हा टांग मारायची. कुणी कुणाला शिकवायचं नाही, अंगवळणीच पडलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी मी भीमाला रस्त्यातच गाठून विचारलं, “मुद्दाम मागं राहतोस?”

त्यानं आधी हातानं कड्या धरून खुळखुळ थांबवली. मग म्हणाला, “मास्तर, तुमच्या मागल्या चाकापाशी आलो की पाय आपोआप पायडलवरनं उतरतो. म्या न्हाई उतरवत. त्योच उतरतो.”

“अरे पण का?”

“तुमीच तर… सातवीला हुतो मी. दादाची सायकल घेऊन घंटी वाजवत तुमच्या म्होरून गेल्तो. तुमी मला शाळा सुटंस्तवर कान धरून उन्हात उभं केलं हुतं. मास्तराला मागं टाकून जातो व्हय रं, म्हनला हुता.”

मला आठवेना. देवाशपथ आठवेना. त्याच्या पायाला मात्र आठ वर्षं आठवत होतं. कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं मला. ज्या पोराच्या सगळ्या आयुष्याची गाठ या एका शर्यतीला होती, त्याच्या पायात बेडी घातली कुणी? मीच. नुसता माझा मान राहावा म्हणून.

“तुम्ही नाव काढून घ्या ना,” रूथ म्हणाली. सरळ सांगतो, मला ते नको होतं. तो खडक डोळ्यांपुढून हलत नव्हता. तरीही एकदा भीमापाशी बोलून बघितलं. तो म्हणाला, “तुमी न्हाई तर मी बी न्हाई.” हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. लाज वाटते सांगताना, पण हायसं वाटलं.

मग राहिलेले दिवस आम्ही एकच गोष्ट घोटली. मी पुढं सायकल हाणायची, त्यानं मागून येऊन मोठ्यानं ओरडायचं, “बाजूला व्हा, मास्तर!” आणि पुढं निघून जायचं. ऐकायला किती सोपं! पहिल्या दिवशी तो मागून इतका हळू पुटपुटला, की मला वाटलं त्याचं पोट दुखतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “मास्तर, जरा… तुमची हरकत नसंल तर…” मी सायकल थांबवून त्याला शिव्या घातल्या. तो सायकलवरून उतरून, मान खाली घालून त्या ऐकत राहिला. उतरून! मी कपाळावर हात मारला. शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत तो एकदाही पुढं गेला नाही.

शर्यत रविवारी आली. मी आयुष्यात पहिल्यांदा उपासनेला दांडी मारली. तळ्याच्या बांधावर माणूस मावत नव्हता. आधीच्या पावसाळ्यानं हात आखडता घेतला होता, तरी मधोमध डोक्यावर पाणी होतं. सुभेदारांनी रुमाल खाली टाकला आणि आम्ही अकराजण पाण्यात पडलो. मी प्रवरेचा, मी पहिला बाहेर आलो. सायकलवर टांग टाकताना मागं बघितलं, तर दुसरा भीमा. भोपळ्यावर शिकलेला माझा भीमा, बाकीच्या नऊ जणांना पाण्यात सोडून आलेला! मी तिथंच अर्धा जिंकलो होतो, पण ते तेव्हा कळलं नाही.

रस्त्याला लागलो. ज्वारी कणसाला आलेली, माणसं गोफणी सोडून बांधावर उभी. अंगावरचं पाणी वाऱ्यानं बर्फ झालेलं. आणि माझ्या मागं खुळखुळ, खुळखुळ. तिसगावची वेस आली, वळसा झाला, परतीला लागलो. खुळखुळ तेवढीच. मी ओरडलो, “ये पुढं!” काही नाही. मी हळू झालो, खुळखुळही हळू झाली. मी जोर केला, तिनंही केला. वाटलं, द्यावं सोडून. आपण जोरात जावं, घंटा वाजवावी, आपण तरी काय कुणाचं वाईट करतोय? असंही वाटलं, हे लपवत नाही.

मैल-दीड मैल राहिला असेल. मला दुसरं काही सुचेना. मी ब्रेक दाबून रस्त्यात थांबलो. म्हटलं, आता तरी जाईल. आणि काय केलं असेल त्यानं? माझ्यामागं येऊन तो सायकलवरून खाली उतरला. भर शर्यतीत! सायकल हातात धरून, ओल्या अंगानं, मास्तर “जा” कधी म्हणतात याची वाट बघत उभा. बांधावरचे लोक बोंबलायला लागले. एवढ्यात पाथर्डीकडचा एक निळ्या बनियनचा दांडगा गडी आम्हा दोघांशेजारून सुसाट निघून गेला. त्या गड्याला आमचा मान ठेवायचं काही कारण नव्हतं.

“अरे गाढवा, बस!” मी किंचाळलो. आणखीही काही बोललो. त्यातलं अर्धं पाळकांनी ऐकलं असतं तर मला मंडळीतून काढलं असतं. दोघंही पुन्हा सायकलवर बसलो. पायथ्याला पोचलो तेव्हा निळा बनियन टेकडीच्या पहिल्या वळणावर होता. सायकली टाकल्या आणि पळत सुटलो. पायवाट अरुंद, दोन्हीकडं काटेरी बाभळी. मी पुढं. भीमाचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मोकळा, न दमलेला श्वास. माझा भाता फुटायला आला होता, तरी आम्ही निळ्या बनियनच्या जवळ सरकत होतो. मी त्याला गाठला असता. आजही मला तसं वाटतं. कुणी नाही म्हटलं तर मी भांडतो.

पण गाठलं असतं ते मी. भीमा माझ्या मागं दुसरा आला असता, उन्हाळ्यात मुदत संपली असती, आणि आयुष्यभर त्या कड्या खुळखुळत राहिल्या असत्या. त्याच वेळी डोक्यात आलं, की याचा पाय विनवणीनं हलणार नाही, शिव्यांनी हलणार नाही. याच्या पायाला मी लहानपणी दोनच गोष्टी शिकवल्यात. एक मान. आणि दुसरी?

उरलेला सगळा दम छातीत भरून घेतला. टेकडीच्या माथ्यापर्यंत पुरायचा होता तो दम. आणि शाळेच्या मैदानावर देतो तसा हुकूम दिला, “भीमाऽऽ! साऽवधान! दौऽऽड के चल!”

पाय पुढं गेला की हो त्याचा! आपोआप उतरणारा पाय आपोआप सुटला. माझ्या खांद्याला वारा लागला आणि कानाजवळ अशी आरोळी आली, की बाभळीतली पाखरं उडाली. “बाजूला व्हा, मास्तर!”

मी बाजूला झालो. बाभळीचा काटा दंडात घुसला, त्याचा वण अजून दाखवतो मी लोकांना. भीमा वर चालला होता आणि मागं बघत नव्हता. एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या वळणावर त्यानं निळ्या बनियनला मागं टाकलं. मग दोघंही दिसेनासे झाले. मी गुडघ्यांवर हात ठेवून उभा, तोंडात रक्ताची चव, आणि वरून घंटा वाजायला लागली. एकदा वाजवून थांबायची रीत होती. ती थांबेचना.

मी तिसरा पोचलो. सुभेदार वही घेऊन बसले होते. म्हणाले, “मास्तर, औंदा तिसऱ्यावर गेलात की.” मी म्हटलं, “सुभेदार, माझा पहिला आलाय. ते आधी लिहा.” हे वाक्य बोलताना मला जे वाटलं, ते त्या खडकावर माझं नाव दहादा लिहिलं असतं तरी वाटलं नसतं. संध्याकाळी रूथनं नेहमीसारखं गरम पाणी काढलं. दंडातला काटा काढताना म्हणाली, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघतेय, तुम्ही कुणाला वाट दिलीत.” आणि मग तिनं डोळे पुसले. मीही पुसले, पण मी पाण्याच्या वाफेवर ढकललं.

नगरच्या छावणीत साहेबानं भीमाला टेप लावली तेव्हा छाती अर्धा इंच कमीच भरली, असं सुभेदार परत येऊन सांगत होते. मग त्यांनी शर्यतीचं सांगितलं. साहेब म्हणाला, बाकीचा अर्धा इंच आमच्या भाकरीवर भरेल.

पुढं दुष्काळ आला. ज्या तळ्यात आम्ही पोहलो, त्याच्या तळाला भेगा पडल्या. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, माझे विद्यार्थी त्यांच्या आईबापांशेजारी बसून हातोडी मारत होते. त्या उन्हाळ्यात एक दिवस भगभगीत रस्त्यावरून मी शाळेतून येत होतो. समोरून फौजी पोशाखातला एक उंच जवान सायकलवर आला. मला बघितलं आणि भरकन खाली उतरला. सायकल हातात धरून माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. कामावरची माणसं हातोड्या थांबवून बघत होती. मी मुद्दाम सावकाश चाललो.

खडकावरचं नाव आता ऊन-पावसानं गेलंय. नुसता ‘भी’ दिसतो, तोही ठाऊक असणाऱ्याला. भीमा स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि गावी आला. आता या तिसगावच्या रस्त्यावर तो भरतीला जाणारी पोरं तयार करतो. वीस-पंचवीस पोरं रोज सकाळी सायकली हाणत जातात. माझी म्हाताऱ्याची सायकल त्यांच्या वाटेत असतेच. ती मी वाटेत ठेवतोच, खरं सांगायचं तर. कारण मागून एकेक आरोळी येते, “बाजूला व्हा, मास्तर!” आणि पोरं वाऱ्यासारखी पुढं जातात. भीमानं त्यांना शिकवलेला पहिला धडा हाच. नवीन आलेल्या पोराला आवाज फुटेपर्यंत तो पोहायलाही उतरू देत नाही म्हणे.

परवाही तसंच झालं. आगटीचा धूर रस्त्यावर होता. पोरं ओरडत एकामागून एक गेली. सगळ्यांच्या शेवटी भीमा आला, केस पांढरे, पाठ अजून ताठ. माझ्या मागल्या चाकापाशी आला आणि खाली उतरला.

मी सायकल थांबवली. म्हटलं, “पोरांना शिकवलंस. तू कधी शिकणार रे?”

तो हसला. सायकल हातात धरून माझ्या शेजारी चालायला लागला. “माझं झालं की एकदा, मास्तर,” तो म्हणाला. “तुमी सांगितलं म्हनून.”

पुढं पोरं तिसगावच्या वेशीकडं दिसेनाशी झाली होती. आम्ही दोघं सायकली हातात धरून घरापर्यंत चालत आलो.